स्वरलिपींतील खुणा आणि श्रुतींचें वाचन

संगीतविषयक पोथ्या, चीजांचीं बाडें आणि स्वरलेखनाचीं जुनीं छापील पुस्तकें अनेक संग्राहकांच्या दप्तरांत आढळतात. ऐतिहासिक पत्रें वाचण्यांत मुरलेला अभ्यासकही अशा बाडांतील ‘सा रि ग म’ आजच्या समजुतीनें सरळ वाचून टाकतो. पण स्वराचें अक्षर हें एका स्थानाचें नांव आहे. तें स्थान कोठें, हें ठरविण्यास तीन गोष्टी कळाव्या लागतात : सप्तकाच्या खुणा कोणत्या संप्रदायाच्या आहेत. स्वर आपल्या कितव्या श्रुतीवर मानला आहे. आणि श्रुतीचें माप कोणतें धरलें आहे. या तिहींचा क्रमानें विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम सप्तकाच्या खुणा पाहूं. ज्या रामचंद्रदेव यादवाच्या काळचे शिलालेख आमच्या वेळापुरास आहेत, त्याच्याच वंशांतील पूर्वज सिंघण (सुमारें इ. स. १२१० ते १२४७) याच्या आश्रयास असतां शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यांत लेखनाचा नियम स्पष्ट दिला आहे : मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदु व तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ द्यावी. इ. स. १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या स्वरलिपींतही मंद्राची व तारेची हीच खूण आहे. उलट पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतींत मंद्राचा बिंदु अक्षराखालीं व तारेचा बिंदु अक्षरावर येतो. डोक्यावरील उभी रेघ तेथें तीव्र मध्यमाची आहे. म्हणजे डोक्यावर बिंदु असलेला ‘ग’ एका पुस्तकांत खर्जाकडचा, तर दुसऱ्यांत दोन सप्तकें वरचा. डोक्यावर रेघ असलेला ‘म’ एका ठिकाणीं तार सप्तकांतील शुद्ध मध्यम, तर दुसरीकडे मध्य सप्तकांतील तीव्र मध्यम.

हस्तलिखितांत आणखी एक अडचण संभवते. संगीत न जाणणारा लेखक डोक्यावरील बिंदूला अनुस्वार समजेल व ‘सं’, ‘गं’, ‘पं’ असें उतरून घेईल. पलुसकरांच्या लिपींतील कोमल स्वराची खूण हलन्तासारखी असते. ती प्रत करणारास अर्धें अक्षर वाटेल. अशुद्ध दिसणारें अक्षर ‘सुधारण्याची’ आम्हां संस्कृतज्ञांची जी खोड, ती येथें घातकच होय.

दुसरा प्रश्न स्वराच्या जागेचा. सप्तकाच्या बावीस श्रुति सा ४, रि ३, ग २, म ४, प ४, ध ३, नि २ अशा वांटल्या जातात, याविषयीं प्राचीन व अर्वाचीन एकमत आहेत. परंतु शार्ङ्गदेव प्रत्येक स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर ठेवतो, व भातखंडे यांनीं स्पष्ट केलेल्या अर्वाचीन हिंदुस्थानी पद्धतींत तो पहिल्या श्रुतीवर येतो. पहिल्या मतें षड्ज चवथ्या श्रुतीवर, म्हणजे छंदोवतीवर, व गांधार नवव्या म्हणजे क्रोधेवर. दोहोंतील अंतर पांच श्रुतींचें. दुसऱ्या मतें षड्ज पहिल्या, तीव्रेवर, व गांधार आठव्या, रौद्रीवर. अंतर सात श्रुतींचें. असेंच मोजलें असतां मध्यम व पंचम दोन्ही मतांत षड्जापासून अनुक्रमें नऊ व तेरा श्रुतींवरच राहतात. पण ऋषभ व धैवत एकेका श्रुतीनें, आणि गांधार व निषाद दोन दोन श्रुतींनीं सरकतात. परिणाम असा कीं, रत्नाकरांतील शुद्ध स्वरांची पंक्ति आजच्या काफी थाटाच्या जवळ जाते, तर आजची शुद्ध स्वरांची पंक्ति बिलावलाची आहे. पोथींतील ‘शुद्ध ग’ आज शुद्ध म्हणून गाइला, तर त्या रागाचें रूपच पालटेल.

तिसरा प्रश्न मापाचा. बावीसही श्रुति समान मानाव्या काय? भातखंडे यांच्या मतें भरत व शार्ङ्गदेव यांच्या श्रुति समानच होत. समान मानल्यास काय होतें तें आंकड्यांनीं पाहूं. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरल्यास तंबोऱ्यावर जुळणारा पंचम ३६० चा. सप्तकाचे बावीस समान भाग करून तेरावा भाग घेतला तर तो सुमारें ३६१॥ येतो. नवव्या भागावरचा मध्यम ३२० च्या जागीं सुमारें ३१८॥।, व सातव्यावरचा गांधार ३०० च्या जागीं सुमारें २९९। येतो. फरक अल्प दिसतो. परंतु षड्जाच्या तारेंतून उठणारा ७२० चा उपस्वर व या पंचमांतून उठणारा सुमारें ७२३ चा उपस्वर एकत्र येऊन सेकंदास तीन आंदोलनें ऐकूं येतील. तंबोरा जुळविणारा असा पंचम क्षणभरही राहूं देणार नाहीं.

यामुळें दुसरा पक्ष श्रुति असमान मानतो. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं इ. स. १९१० च्या आपल्या इंग्रजी पुस्तकांत तो मांडला. त्यांचे सहकारी, सनदी नोकरींतील क्लेमेंट्स यांनीं इ. स. १९१३ च्या ग्रंथांत पाश्चात्त्य रेखालिपीस नवीन खुणा जोडून हे सूक्ष्म स्वर लिहिले. श्रुतींसाठीं खास हार्मोनियमही तयार झाली. इ. स. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती मांडली गेली व तीवर कडाक्याचा वाद झाला. या पक्षाच्या मतें २७० चा ऋषभ व २६६⅔ चा ऋषभ हे दोन भिन्न स्वर. दोहोंचें प्रमाण ८१ : ८०.

श्रुति लिहून ठेवण्याची इच्छा मात्र नवी नव्हे. पुदुकोट्टैजवळ कुडुमियान्मलै येथील खडकावरील प्राचीन संगीतलेखांत प्रत्येक स्वराक्षरास अ, इ, उ, ए असे चार आकार आहेत : र, रि, रु, रे, ग, गि, गु, गे. पी. आर. भांडारकर यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाराव्या खंडांत प्रसिद्ध केला. हे आकार श्रुतिभेद दर्शवितात कीं काय, हा वाद आहे. पण सध्याचा ‘रि’ मनांत धरून तो लेख वाचतां येणार नाहीं, हें उघड आहे.

भातखंडे यांनीं लेखनासाठीं बाराच स्वर घेतले, म्हणूनच त्यांची लिपि सुलभ झाली व सर्वत्र पसरली. पण तोडीचा गांधार व दरबारी कानड्याचा आंदोलित गांधार तींत एकाच आडव्या रेघेनें लिहिले जातात. भेद शिकविणाऱ्याच्या कंठांत राहतो. तो कंठ गेला कीं बाडाच्या समासांत कोणी शिष्यानें लिहिलेला ‘अतिकोमल’ हा एवढा शब्दच आधारास उरतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. अशा बाडांची नक्कल करतांना बिंदु, रेघ, हलन्त आहे तेथेंच व तसेंच उतरावें. आजच्या लिपींत रूपांतर करणें झाल्यास तें निराळ्या पानावर करावें. पुस्तकारंभीं असलेलें चिन्हांचें कोष्टक फाटलें असल्यास त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मिळवून तें जोडावें. समासांतील टिपा बांधणीच्या वेळीं कापूं देऊं नयेत. पोथींत श्रुतींचीं नांवें असल्यास षड्ज छंदोवतीवर आहे कीं तीव्रेवर, हें सूचींत नोंदवावें. एवढी एक ओळ नोंदली तरी पुढील संशोधकास तें बाड वाचतां येईल.