पित्तनलिकेतला खडा आणि अननसाचा रस

नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटात उन्हाळ्यात हापूसच्या पेट्यांच्या राशी लागतात. साल पिवळीधमक, वास घमघमीत. पण फळ कापल्यावर आत साका निघू शकतो. तो बाहेरून दिसत नाही, आणि कापलेले फळ विकता येत नाही. माणसाच्या पोटातील खड्याबाबत डॉक्टरांपुढे अशीच अडचण असते.

समजा, याच बाजारात गोणी वाहणाऱ्या एखाद्या माथाडी कामगाराला उजव्या बरगड्यांखाली कळ येऊ लागली आणि दोन दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. काय झाले असेल? यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशयात साठते, दाट होते आणि जेवणानंतर पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. पित्तातील कोलेस्टेरॉल विरघळलेले राहू शकले नाही, तर त्याचे स्फटिक जमून खडे होतात. काही खडे बिलिरुबिन या रंगद्रव्याचे असतात. खडा पित्ताशयातच राहिला तर पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही. तो सरकून मुख्य पित्तनलिकेत अडकला, की पित्त तुंबते, कावीळ होते. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हे दोन्ही विकार जिवावर बेतू शकतात.

पित्ताशयातील खडे सोनोग्राफीत चांगले दिसतात. ती स्वस्त आणि निर्धोक असल्याने पहिली तपासणी तीच. पण पित्तनलिकेच्या खालच्या टोकापुढे आतडे येते आणि आतड्यातील हवा ध्वनिलहरींना अडवते. दुसरा मार्ग म्हणजे ईआरसीपी. यात तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेत क्ष-किरणांनी दिसणारे द्रव्य सोडतात. खडा सापडला तर तो लगेच काढताही येतो. मात्र शंभरातील काही रुग्णांना या उपायामुळेच स्वादुपिंडाचा दाह होतो. खडा नसताना हा धोका कशाला पत्करायचा? म्हणून खडा आहे की नाही हे आधी नुसते पाहता आले पाहिजे. येथे एमआरआय उपयोगी पडतो.

आपल्या शरीरात पाणी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखे वागते. रुग्णालयातील १.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. त्या क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा भोवऱ्यासारखे डोलतात. नेमक्या याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली, की ते ऊर्जा घेतात आणि लहर थांबल्यावर स्वतः संदेश देऊ लागतात. हा संदेश हळूहळू विरत जातो. तो किती वेगाने विरतो, यावरच पित्ताचे चित्र मिळते.

यकृतासारख्या ऊतीतील संदेश विरण्याचा काळ सुमारे ५० मिलिसेकंद असतो. मोकळ्या, पातळ द्रवात तो शेकडो मिलिसेकंद असतो. आता आपण संदेश लगेच न ऐकता ७०० मिलिसेकंद थांबलो तर? यकृताच्या दृष्टीने असे १४ काळ उलटून गेले; त्याचा संदेश मूळच्या दशलक्षांशापेक्षाही कमी उरला. पित्ताचा काळ ७०० मिलिसेकंद धरला, तर त्याचा संदेश अजून ३७ टक्के शिल्लक आहे. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पित्तनलिका पांढऱ्या फांद्यांसारख्या उजळतात आणि घन खडा त्यात काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. बाहेरून कोणतेही द्रव्य टोचावे लागत नाही. १९९१ साली जर्मनीतील डॉक्टरांनी वर्णन केलेली ही पद्धत एमआरसीपी या नावाने ओळखली जाते.

चरबीचा संदेश मात्र त्रास देतो. चरबीतील हायड्रोजनची वारंवारता पाण्यातील हायड्रोजनपेक्षा किंचित वेगळी असते, म्हणून तो निवडून दाबता येतो. एकाच मूलद्रव्याचे अणू रासायनिक परिसरानुसार वेगवेगळे 'सूर' लावतात, हे १९५१ मध्ये अल्कोहोलवरील प्रयोगात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवले. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम उभे केले.

आणखी एक अडथळा उरतो. जठरातील आणि आतड्यातील रसही द्रवच. तोही पांढरा चमकतो आणि नलिका झाकतो. म्हणून रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात. काही ठिकाणी तपासणीपूर्वी अननसाचा रसही देतात! अननसात मँगनीज असते. त्याच्या आयनातील पाच एकाकी इलेक्ट्रॉनांमुळे भोवतालच्या पाण्याचा संदेश झपाट्याने विरतो आणि जठर चित्रात काळे पडते. फळबाजारातील साध्या अननसाचा हा उपयोग २००४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पडताळून पाहिला.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे निसटू शकतात. पेसमेकर किंवा डोळ्यात लोखंडाचा कण असेल, तर आधी सांगितलेच पाहिजे. शिवाय हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. मग खडा कोणता आणि बुडबुडा कोणता? रुग्ण उताणा झोपलेला असतो, तेव्हा बुडबुडा पित्तात वर, म्हणजे पोटाच्या बाजूला तरंगतो. खडा बहुधा पाठीच्या बाजूला बसतो. हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तरासाठी सातवीतील तरंगण्या-बुडण्याचे ज्ञान पुरेसे आहे. आणि त्याच उत्तरावर एखाद्या रुग्णाच्या घशातून दुर्बीण घालायची की नाही, हे ठरत असते.