आधी श्वास, मग थर्मामीटर

सकाळी सव्वासातला एप्रन, अंबाडा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाचं पोस्टिंग, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड. पावसाळ्यात एका खाटेवर दोन-दोन बाळं.

८ वाजता रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देतात. चार नंबरला जुलाब, सातला न्यूमोनिया, ऑक्सिजन चालू. "अकराच्या आईने रात्रीपासून काही खाल्लेलं नाही, तिच्याकडे बघा." मोठ्यांच्या वॉर्डात नातेवाईक ओव्हरमध्ये येत नाहीत.

साडेआठपासून सगळा क्रम उलटा. मोठ्या माणसाला आधी थर्मामीटर लावतो. इथे बाळ आईच्या मांडीवर शांत आहे तोवर लांबूनच पोटाकडे बघत श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले की डॉक्टरांना सांगायचं. रडू सुरू झालं की आकडा फुकट. थर्मामीटर सगळ्यात शेवटी.

साडेनऊला औषधं, म्हणजे गणित. आठ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२०. एका बाटलीत ५ मिलिलीटरला १२५, शेजारच्या तशाच दिसणाऱ्या बाटलीत २५०. दुसरीतून द्यायचं तर २.४ मिलिलीटरच. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम तोंडी हिशेब विचारतात आणि उत्तर आलं तरी लेबल परत वाचायला लावतात.

११ वाजता सलाईन. विद्यार्थिनीकडे सुई नसते, बाळ धरायचं काम असतं. चादरीत गुंडाळून एकच हात बाहेर, नंतर त्याला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधायचा. जुन्या सिस्टर आईला बाहेर काढतात. मॅडम तिला बाळाच्या डोक्याशी उभं करतात. मला मॅडमचं पटतं. आई दिसली की बाळ जास्त रडतं हे खरं, पण गप्पही तिच्याच कडेवर होतं. मायक्रोड्रिपचे ६० थेंब म्हणजे १ मिलिलीटर. ताशी ३० मिलिलीटर द्यायचे तर मिनिटाला ३० थेंब. दिवसातलं हे एकच सोपं गणित.

साडेबाराला चार नंबरच्या आजी ओआरएसची अर्धी पुडी पेल्यात कालवत होत्या. "आजी, पुडी एक लिटर पाण्यात अख्खीच टाकायची. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्या-चमच्याने."

"अगं, पाण्याने आणखी ढाळ होतात!"

हा वाद रोजचा. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या, हे सुनेला वेगळं सांगून ठेवलं.

२ ला ओव्हर, ३ ला लेक्चर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निम्म्या जणी पेंगत असतात.

रात्री ९ ला केअर प्लॅन. अभ्यासक्रमात खेळावर धडा आहे, वॉर्डातली खेळणी मात्र हरवतील म्हणून कपाटात कुलपाखाली. नऊ नंबरच्या चार वर्षांच्या पोराला मी दुपारी सुई नसलेली नवी सिरिंज दिली होती. त्याने आधी आईला टोचलं, मग मला, आणि दोघींनाही "रडायचं नाही" म्हणून दटावलं. प्लॅनमध्ये लिहिलं: थेरप्युटिक प्ले, प्रतिसाद चांगला.