आभाळ बदललं, रंकाळ्याला कळलंच नाही! लँडस्केप फोटो काढायला आणि एडिट करायला शिकायचं म्हणजे नेमकं काय?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या डेस्कवर वाचकांनी पाठवलेल्या फोटोंमध्ये रंकाळ्याचा एक फोटो आला. केशरी-जांभळं आभाळ, ढगांच्या कडांना सोनेरी झालर, फ्रेमच्या मध्यावर संध्यामठ. मी मनातल्या मनात 'नाद खुळा' म्हटलं आणि पाच मिनिटांत तो वेबसाइटवर लावूनही टाकला. अर्ध्या तासात ऑफिसात एका ज्येष्ठ वाचकांचा फोन. म्हणाले, "आभाळ एवढं पेटलंय, मग पाणी राखाडी कसं काय हो? रंकाळ्याला आभाळ दिसलं नाही होय?"

फोटो पुन्हा उघडला. काकांचं बरोबर होतं. आभाळ दुसरीकडचं आणून चिकटवलं होतं, पाणी मात्र मूळचंच राहिलं होतं. फोटो काढून टाकला, खुलासा दिला. चूक पाठवणाऱ्यापेक्षा माझी जास्त होती. मी इंजिनीअर, त्यात दिवसभर फोटोच हाताळतो, तरी साधं प्रतिबिंब तपासलं नाही. त्यानंतर ठरवलं की हे प्रकरण मुळापासून शिकायचं. गेल्या काही महिन्यांत जे हाती लागलं, ते इथे मांडतोय.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करायची का?

नाही, सुरुवात उजेडापासून करायची. खरं तर कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायची गरज नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्याच्या दिशेनं येतात. याच तारखा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो, पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे १८ अंशांवर. मंदिर बांधणाऱ्यांनी उजेडाची दिशा आधी ठरवली आणि दगड नंतर रचले.

लँडस्केप फोटोग्राफीत हेच करायचं असतं. कोल्हापूरच्या अक्षांशावर डिसेंबर ते जून या काळात सूर्यास्ताची जागा क्षितिजावर सुमारे ४९ अंशांनी सरकते. रंकाळा चौपाटीवर हिवाळ्यात काढलेली फ्रेम जूनमध्ये त्याच जागी उभं राहून मिळणार नाही. पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस आणि मावळता सूर्य यांचं नातं महिन्यागणिक बदलतं. सूर्याची दिशा आधीच दाखवणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात. पण माझं मत विचाराल तर पहिला महिना अ‍ॅपशिवाय, रोज एकाच जागी जाऊन बघण्यात घालवा. फोटो नाही काढला तरी चालेल.

आणि घरी निघायची घाई करू नका. सूर्य बुडाला की निम्मी गर्दी भेळेच्या गाड्यांकडे वळते. खरा रंग बरेचदा त्यानंतरच्या वीसेक मिनिटांत येतो. आभाळ निळं होतं, काठावरचे दिवे लागतात आणि दोन्हींचा उजेड सारखा होतो. त्या वेळी मोबाइल हातात धरून फोटो हलतो. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर मोबाइल टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

धुकं पांढरं असतं, फोटोत करडं का येतं?

गगनबावड्याला गेलेल्या प्रत्येकाचा हा अनुभव असेल. डोळ्यांसमोर दुधासारखं धुकं, फोटोत मात्र सिमेंटच्या भिंतीसारखं काहीतरी. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, त्याच्या हिशोबाचा आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार असं गृहीत धरून कॅमेरा उजेड मोजतो. धुकं त्यापेक्षा कितीतरी उजळ असतं, पण कॅमेरा त्याला ओढून करड्यावर आणतो. उपाय एका बोटाचा आहे. एक्स्पोजरची पट्टी 'अधिक एक'च्या आसपास न्यायची. काळ्या कातळाच्या बाबतीत उलटं. ओला, काळा बेसॉल्ट फ्रेमभर घेतला की कॅमेरा त्याला राखाडी करून ठेवतो, तिथे पट्टी खाली आणायची.

आपण चुकतोय की नाही हे कळण्यासाठी हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला जाऊन आदळला की समजायचं, ढगांमधला तपशील गेला. तो पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. अंधारातला तपशील थोडाफार उचलता येतो, जळालेलं आभाळ नाही. म्हणून मावळतीच्या फोटोत जमीन किंचित काळी पडली तरी चालेल, आभाळ सांभाळायचं.

'रॉ' फाइल एवढी महत्त्वाची का?

इथे माझ्यातला इंजिनीअर जरा जागा होतो, सांभाळून घ्या. आपण नेहमी काढतो त्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच जागी १६,३८४ पायऱ्या असतात. बघताना फरक जाणवत नाही. पण एडिट करताना आभाळ थोडं गडद केलं की जेपेगमध्ये पट्टे उमटतात, कारण मधल्या पायऱ्याच नसतात. रॉमध्ये त्या शिल्लक असतात.

आणखी एक गंमत. सेन्सर उजेड सरळ हिशोबात मोजतो, आपला डोळा मात्र दुपटीच्या हिशोबात. त्यामुळे त्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ टप्प्यात खर्च होतात. त्याच्या खालच्या टप्प्याला त्याच्या निम्म्या, पुढच्याला आणखी निम्म्या. अंधाऱ्या भागाच्या वाट्याला मोजक्याच उरतात. सावल्या उचलल्या की फोटोत रवाळ ठिपके येतात, त्यामागे उजेडाची ही टंचाईच असते. आता अनेक मोबाइलमध्येही प्रो मोडमध्ये रॉ फोटो काढता येतो. फाइल जड असते, पण शिकण्यासाठी यासारखं साधन नाही.

मसाई पठारावर सगळं सपाट का दिसतं?

पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरलेलं मसाई पठार प्रत्यक्षात अंगावर येतं. फोटोत मात्र हिरवी पट्टी आणि पांढरी पट्टी, एवढंच उरतं. वाइड अँगलमध्ये दूरचं सगळं लहान होतं, म्हणून जवळ काहीतरी हवं. जांभ्याचा खडक, साचलेलं डबकं, पायवाट काहीही चालेल. खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आणि एफ/८ असेल, तर सुमारे अडीच मीटरवर फोकस केल्यास सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पावसाळ्याच्या शेवटी इथे फुलं येतात. एका फोटोसाठी ती तुडवत जाणारे बघितले की कॅमेरा बॅगेत ठेवावासा वाटतो. पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी ट्रायपॉड किंवा ड्रोन काढण्याआधी परवानगीची चौकशी करा. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून कॅमेरे वाढलेत.

फ्रेम कशी रचायची हे शिकायला ऑनलाइन कोर्सची जाहिरात दिसेल. त्याआधी रिक्षा करून राजारामपुरीत जा. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय तिथे आहे. त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं बघा. रंग काढून घेतला तरी दूरचा डोंगर दूर कसा वाटतो, हे त्यात दिसतं: जवळचं गडद, लांबचं फिकं. याच गावात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा असे आपले नेहमीचेच परिसर वेगवेगळ्या उजेडात रंगवले. १९३१ साली ते गेले. आपण आज ज्याला लाइट म्हणतो, ते ती मंडळी घाटावर बसून बघत होती.

एडिटिंग म्हणजे फसवणूक का?

हा प्रश्न कट्ट्यावर हमखास निघतो. "ओरिजिनल आहे, एडिट नाही" असं अभिमानानं सांगणारेही भेटतात. पण मोबाइलमधून बाहेर पडणारा फोटो आधीच एडिट झालेला असतो. मोबाइल अनेक फ्रेम जोडतो, सावल्या उचलतो, हिरवा गडद करतो. फक्त ते निर्णय तुमचे नसतात. अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे या क्षेत्रातलं मोठं नाव. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. एकाच निगेटिव्हवरून ते पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले आणि त्यातलं आभाळ अधिकाधिक काळं होत गेलं. डार्करूममध्ये कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, हेच तर काम होतं. आजच्या सॉफ्टवेअरमधली 'डॉज' आणि 'बर्न' ही नावं तिथूनच आली.

सॉफ्टवेअरसाठी खिसा मोकळा करायची गरज नाही. कॉम्प्युटरवर डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड. लाइटरूम सोपं आहे, पण पैसे मोजावे लागतात. काम करताना मी आधी क्षितिज सरळ करतो. तलावाचं पाणी एका बाजूला सांडल्यासारखं दिसलं की पुढचं सगळं वाया. मग व्हाइट बॅलन्स, मग एकूण उजेड, मग आभाळ आणि जमिनीचा वेगवेगळा हिशोब. रंगाला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही चोरून लावल्यासारखा. पावसाळ्यातला हिरवा मुळातच एवढा असतो की सॅच्युरेशन वाढवलं की गवत प्लॅस्टिकचं वाटतं. तिथे मी उलट हिरवा थोडा कमी करतो. 'डीहेझ' नावाची पट्टी तर घाटातल्या फोटोंची वैरीण आहे. धुकं टिपायला पहाटे चारला उठून जायचं आणि घरी येऊन तेच पुसायचं, याला काय म्हणावं? फोटो झाला की रात्रभर तसाच ठेवा. सकाळी बघितल्यावर निम्म्या पट्ट्या मागे घ्याव्याशा वाटतात.

मग रेघ कुठे मारायची?

१९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकनं मुखपृष्ठावर गिझाच्या पिरॅमिडचा आडवा फोटो उभ्या पानात बसवण्यासाठी दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. फोटोशॉप यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. त्यावरून झालेली टीका अजून शिकवली जाते. २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी जवळपास एक पंचमांश फोटोग्राफर बाद झाले, कारण मूळ फाइलशी ताडून बघितल्यावर फेरफार दिसले. २०२० पासून तर फोटोशॉपमध्ये आभाळ बदलायचं बटणच आलं. भिंतीवर लावायच्या फोटोत कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. तसं सांगून केलं की झालं. 'आजचा रंकाळा' म्हणून पाठवला की मात्र तो फोटो बातमी होतो.

आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये लँडस्केप फोटो खरंच बातमी असतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या घरात पंचगंगेचा फोटो आला की लोक आधी पाणी कुठवर आलं ते बघतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाठ आहेत. अशा वेळी दुरून, झूम करून काढलेल्या फोटोत मधली अंतरं आक्रसतात आणि पाणी घरांना टेकल्यासारखं वाटतं. त्यात आभाळ काळं केलं, पाण्याचा तपकिरी वाढवला, की कुणीतरी घाबरून माळ्यावर सामान चढवायला लागतं. यात काहीच खोटं चिकटवलेलं नसतं, फक्त दोन पट्ट्या सरकवलेल्या असतात.

खोटा फोटो ओळखायचा कसा?

आमच्या डेस्कवर आता आधी पाणी बघतात. आभाळातला रंग आणि ढग पाण्यात हवेत, आणि सहसा आभाळापेक्षा थोडे गडद. मग सावल्या, सगळ्या एकाच बाजूला पडल्यात का? चंद्र असेल तर त्याचा आकार. आकाशात चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो. मोबाइलच्या साध्या वाइड फ्रेममध्ये तो रुंदीच्या सुमारे १४० व्या भागाएवढा येणार, परातीएवढा नाही. किल्ल्यावर आकाशगंगा दिसली तर दिशा विचारायची. तिचा झगझगीत मध्यभाग आपल्याकडून दक्षिणेच्या बाजूलाच दिसतो. उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या फोटोत तो आला, तर तो आणून बसवलेला.

शंका राहिली तर पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागतो. त्या रंकाळ्याच्या फोटोचीही मागितली होती. कॉलेजातला मुलगा होता. आधी ओशाळला, मग पाठवली. राखाडी आभाळ, राखाडी पाणी, पाण्यावर थेंबांची वर्तुळं आणि कोपऱ्यात एका छत्रीत उभे दोघे, जे त्यानं एडिट करताना पुसले होते. उजेड किंचित वाढवून दुसऱ्या दिवशी आम्ही तोच फोटो लावला.