प्रतिस्पर्ध्यांचा सहकार

प्रतिस्पर्धी नाहीसा झाला की उरलेल्याचा नफा वाढतो, असे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. अकोल्याच्या कापडबाजारात हे खरे ठरेल. खेळाच्या मैदानावर मात्र ते साफ उलटे पडते. समोरचा चमू आलाच नाही तर सामना होत नाही, आणि सामनाच नसेल तर तिकीट कशाचे विकणार? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये हा विरोधाभास मांडला होता. व्यावसायिक खेळातील माल प्रतिस्पर्ध्यांना मिळूनच निर्माण करावा लागतो.

युरोपातील बास्केटबॉलने हा धडा किंमत मोजून घेतला. स्पेन, इटली व फ्रान्समधील लीगनी १९९१ मध्ये आपली संयुक्त संघटना स्थापन केली. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाशी तिचे बिनसले आणि २०००-०१ च्या हंगामात दोन सर्वोच्च स्पर्धा समांतर भरल्या. एकीत बोलोन्याचा क्लब विजयी झाला, दुसरीत तेल अवीवचा. खरा अजिंक्य कोण, हे अनिर्णितच राहिले. पुढच्याच हंगामात दोन्ही प्रवाह एकत्र आले. त्याच २००१ साली, युद्धात होरपळलेल्या पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील क्लबांनी नव्या सीमा ओलांडून एड्रियाटिक लीग उभारली. एकेका लहान देशाची बाजारपेठ अपुरी पडते, हे त्यामागील रोकडे कारण. कलह कायमचा मिटला असे नव्हे. २०१६ मध्ये महासंघाने पुन्हा आपली वेगळी स्पर्धा सुरू केली.

हे दूरचे भांडण वऱ्हाडला परके नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. त्यानंतर ७८ वर्षांनी, २०१४ मध्ये, प्रो कबड्डी लीग आली. २०१९ मध्ये मूळ महासंघाची मान्यता नसलेली दुसरी व्यावसायिक लीगही मैदानात उतरली. क्रिकेटमध्ये २००७ साली असेच घडले, तेव्हा बंडखोर लीगमधील खेळाडूंवर नियामक मंडळाने बंदी घातली होती.

या भांडणात संघटकाची प्रतिष्ठा पणाला लागते. खेळाडूची मात्र भाकरी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचेच प्रमाणपत्र लागते. चार पैशांच्या आशेने अमान्य लीगमध्ये उतरलेला अकोल्याचा किंवा अचलपूरचा तरुण उद्या हे दार स्वतःवर बंद करून घेण्याचा धोका पत्करतो. त्याचे वय थांबत नाही. खेळण्याची वर्षे तर बोटांवर मोजण्याइतकीच.

म्हणून आग्रह एकाच लीगचा नको. मक्तेदारी खेळाडूलाच स्वस्त करते. लीग दोन असोत वा चार; परंतु वेळापत्रक परस्परसंमतीने ठरावे, करार परस्परांनी मानावेत, आणि वादाचा निवाडा होईपर्यंत खेळाडूस शिक्षा होऊ नये. सहकारी संस्थांच्या या महाराष्ट्राला एवढे समजणे कठीण जाऊ नये.