कोलस्लॉ

कोलस्लॉ हा बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीपासून केला जाणारा सॅलडचा एक थंड प्रकार आहे. मेयॉनीज किंवा व्हिनेगर घालून कालवलेला हा पदार्थ अमेरिकेत भाजलेले मांस, तळलेले चिकन वा मासे यांच्यासोबत वाढला जातो. तो शिजवावा लागत नाही, आधी करून ठेवता येतो आणि थोड्या खर्चात अनेकांना पुरतो. त्यामुळे पॉटलक भोजनांत तो हमखास आढळतो. पॉटलक म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणावा आणि सर्वांनी तो वाटून खावा, अशी पद्धत होय. महाराष्ट्रातील अंगतपंगतीशी तिचे साम्य आहे.

नाव व इतिहास

डच भाषेत 'कूल' म्हणजे कोबी आणि 'स्ला' म्हणजे सॅलड. या दोन शब्दांपासून 'कूलस्ला' व पुढे इंग्रजीत 'कोलस्लॉ' हे नाव झाले. पहिला भाग 'कोल्ड', म्हणजे थंड, असावा या समजुतीने 'कोल्ड स्लॉ' असेही रूप रूढ झाले होते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म १७४८ ते १७५१ या काळात उत्तर अमेरिकेत होते. ऑल्बनी येथील डच घरमालकिणीने केलेल्या कोबीच्या सॅलडचे वर्णन त्यांनी केले आहे. त्यात तेल, व्हिनेगर, मीठ व मिरपूड होती. मेयॉनीजचा वापर नंतरचा आहे. उत्तर कॅरोलिनातील लेक्सिंग्टन परिसरात आजही मेयॉनीजऐवजी व्हिनेगर व टोमॅटो केचप घातलेला लालसर कोलस्लॉ करतात.

साहित्य

आठ ते दहा जणांसाठी कोबी १ किलो, गाजरे २, मेयॉनीज २०० ग्रॅम, व्हिनेगर २ मोठे चमचे, साखर १ मोठा चमचा, मस्टर्ड सॉस १ लहान चमचा, मीठ १ मोठा चमचा आणि चवीपुरती मिरपूड लागते. अंडी न खाणाऱ्यांसाठी अंडेविरहित मेयॉनीज वापरता येते.

कृती

कोबीची बाहेरची पाने काढून गड्डा वाहत्या पाण्याखाली धुवावा. मधला कडक दांडा काढून कोबी लांबट व पातळ चिरावा. त्यास मीठ चोळून तो तासभर चाळणीत निथळत ठेवावा. नंतर पाण्याने खळबळून स्वच्छ कापडात घट्ट पिळून घ्यावा. मेयॉनीज, व्हिनेगर, साखर, मस्टर्ड सॉस व मिरपूड एकत्र फेटून त्यात कोबी व किसलेले गाजर कालवावे. कोबीत मीठ उतरलेले असल्याने चव पाहिल्याखेरीज पुन्हा मीठ घालू नये. मिश्रण झाकून फ्रीजमध्ये एक-दोन तास ठेवल्यास चव मुरते.

पाणी सुटण्याचे कारण

कोबीचा नऊदशांशांहून अधिक भाग पाणी असतो. मीठ लागताच परासरणामुळे ते पेशींतून बाहेर येते. न पिळलेल्या कोबीचा कोलस्लॉ म्हणूनच काही वेळाने पातळ होतो. कोबीच्या कोशिंबिरीतही हीच अडचण येते. तेथे मीठ अगदी वाढण्याच्या वेळी घालतात. कोशिंबिरीत पाणी सुटणे लांबवले जाते, तर कोलस्लॉमध्ये ते आधीच काढून टाकले जाते. पदार्थ घरून न्यावयाचा असल्यास दुसरी रीत सोयीची ठरते.

सुरक्षितता

कोलस्लॉ बिघडल्यास दोष बहुधा मेयॉनीजला दिला जातो. बाजारी मेयॉनीज आम्लयुक्त असते व सहसा पाश्चरीकृत अंड्यांपासून बनते. कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजमध्ये मात्र साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. याच कारणास्तव तेलंगण राज्याने २०२४ साली अशा मेयॉनीजवर बंदी घातली. परंतु कच्चा कोबीही रोगाचे कारण ठरू शकतो. १९८१ साली कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांत लिस्टेरिया जिवाणूमुळे ४१ जण आजारी पडले. त्यांत बहुसंख्य गर्भवती स्त्रिया व नवजात बालके होती. या साथीचा उगम कोलस्लॉमध्ये आढळला. त्यातील कोबीच्या शेतात मेंढ्यांचे खत घातले होते. हा जिवाणू थंडीतही वाढतो. त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी विकतचा तयार कोलस्लॉ टाळणे इष्ट.

अमेरिकी कृषी खात्याच्या शिफारशीनुसार असे पदार्थ सुमारे ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावेत आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नयेत. तापमान ३२ अंशांवर असल्यास ही मर्यादा एका तासाची आहे. म्हणून पॉटलकला कोलस्लॉ बर्फाच्या पेटीतून न्यावा व लहान वाडग्यांतून थोडा थोडा मांडावा. मर्यादेपलीकडे बाहेर राहिलेला कोलस्लॉ परत फ्रीजमध्ये न ठेवता टाकून द्यावा.