जळलेल्या वह्यांची राख

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात रोज एकच तंटा होता. टीव्हीवर लावायचे काय? धाकट्याला मारामारी हवी, थोरलीला हसवणारे काहीतरी हवे, आणि आम्हांला असे काही हवे की दादीअम्मा खोलीत आल्या तर रिमोट शोधायची धांदल उडू नये. शेवटी एका जर्मन सिनेमावर तिघांची तडजोड झाली. नाव 'दास फ्लीगेंडे क्लासेनत्सिमर', म्हणजे 'उडता वर्ग'.

एरिश केस्टनर यांची ही कादंबरी 1933 सालची. तिच्यावर 1954, 1973, 2003 आणि 2023 असे चार वेळा सिनेमे निघाले. आम्ही त्यांतले दोन पाहिले, 1954चा कृष्णधवल आणि 2003चा रंगीत. भाषा जर्मन, खाली इंग्रजी अक्षरे. पहिली दहा मिनिटे थोरली वाचून दाखवत होती, मग कोणी तिचे ऐकेना. इतके सगळे रंगून गेले.

गोष्ट एका वसतिगृहाच्या शाळेतल्या पाच मित्रांची आहे. मार्टिन हुशार, वर्गात पहिला, पण घरी गरिबी. जॉनी लिहिणारा, त्याच्या बापाने त्याला लहानपणी न्यूयॉर्कहून एकट्याला जहाजात बसवून दिलेले. मात्झ पैलवान गडी, सदा भुकेला, मिळेल त्याच्याकडे खाऊला पैसे मागणारा. उली चणीने बारका आणि भित्रा. झेबास्टियन तिरकस बोलणारा. नाताळच्या सुट्टीआधी ही मंडळी एक नाटक बसवत असतात. त्या नाटकातला भूगोलाचा वर्ग विमानात बसून थेट ज्वालामुखीवर, पिरॅमिडपाशी आणि उत्तर ध्रुवावर जाऊन धडा शिकतो. भिंतीवरचा नकाशा काठीने दाखवून ज्यांची उमर चालली आहे अशा आमच्यासारख्यांना ही कल्पना फारच गोड वाटली.

गावात दुसरी शाळा आहे. ही मुले गिम्नाझियमची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्याची वाट असलेल्या शाळेची. ती मुले रेआलशूलेची, म्हणजे व्यवहारोपयोगी शिक्षण देणाऱ्या शाळेची. दोन्हींचे वैर इतके जुने की आताच्या मुलांना ते वारशातच मिळाले आहे. एके दिवशी समोरच्या शाळेची मुले रूडी नावाच्या मुलाला वाटेत पकडतात. रूडीचे वडील क्रॉयत्सकाम हे याच शाळेत जर्मन शिकवतात, आणि तपासायला म्हणून वर्गाच्या सगळ्या श्रुतलेखनाच्या वह्या रूडी घरी नेत असतो. उर्दू शाळेत ज्याला आपण इमला म्हणतो, त्याच वह्या. मुलगाही गेला आणि वह्याही.

इथून पुढची धमाल शब्दांत सांगण्यापेक्षा पाहावी. दोन्ही बाजूंचे वकील तहाची बोलणी करतात. प्रत्येकी एक पैलवान निवडून कुस्तीने निकाल लावायचे ठरते. मात्झ ती जिंकतो, तरी समोरची पोरे कैदी सोडायला तयार होत नाहीत. मग बर्फाच्या गोळ्यांची घनघोर लढाई. तिच्या गडबडीत मार्टिन काही मुलांना घेऊन मागच्या वाटेने तळघरात पोचतो. धाकटा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता.

तळघरात रूडी खुर्चीला बांधलेला आहे. वह्यांची मात्र राख झाली आहे.

आमच्या घरात एकदम शांतता पसरली. मुलांना वह्यांचे काय वाटले असेल ते असो, पण ज्यांनी रात्री बारापर्यंत लाल पेनाने गठ्ठे तपासले आहेत त्यांच्या पोटात ती राख पाहून गोळा येतो. पन्नासेक पोरांचे हस्ताक्षर, कोणाचा काना चुकलेला, कोणाचा नुक्ता राहिलेला. कोणाच्या तरी हवाली केलेली अमानत होती ती.

इथे एक गोष्ट मुलांना सांगायला हवी होती, ती आम्ही सांगितली. 10 मे 1933 रोजी बर्लिनच्या ऑपेरासमोरच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. त्यात केस्टनर यांचीही पुस्तके होती. विशेष म्हणजे ते स्वतः त्या गर्दीत उभे राहून हे पाहत होते. त्याच वर्षाच्या अखेरीला ही कादंबरी आली, आणि तिच्यात पोरांच्या भांडणात वह्या जळतात. लेखकाने कुठे तसे सांगितलेले आम्ही वाचलेले नाही, पण आम्हांला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. या माणसाने तरुणपणी ड्रेस्डेनमध्ये शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेतले आणि ते अर्धवट सोडले. शिक्षक झाला नाही, पण शिक्षक कसा असावा हे मात्र लिहून गेला.

दुश्मनांच्या बाजूलाही एक चांगला मुलगा आहे, त्यांचा पुढारी एगरलांट. आपल्या मुलांनी दिलेला शब्द मोडला याची त्याला इतकी लाज वाटते की तो कैद्याच्या बदल्यात स्वतः ओलीस राहायला पुढे येतो. 2003च्या सिनेमात हे पात्र मुलीचे केले आहे. तिथे शाळा लाइप्झिगची, मुले गायकवृंदातली, आणि वैर वसतिगृहातली विरुद्ध घरून येणारी असे. आमच्या थोरलीला हाच आवडला. आम्हांला जुना जवळचा वाटला. त्यात केस्टनर स्वतः पडद्यावर दिसतात हेही एक कारण.

आता मुद्द्याचे. ही पोरे परवानगी न घेता शाळेबाहेर गेली होती. परत येतात तर वरच्या वर्गातल्या देखरेख्याने तक्रार केलेली. त्यांना वसतिगृहाचे प्रमुख ब्योख सरांपुढे उभे केले जाते. मुलांनी त्यांना प्रेमाने नाव ठेवले आहे युस्टुस, लॅटिनमध्ये न्यायी. हे सर आधी ऐकतात. सगळे. मध्ये तोडत नाहीत. मग विचारतात की मला का नाही विचारलेत? नियम मोडला म्हणून शिक्षा देतात ती अशी, की सुट्टीनंतर पहिली मोकळी दुपार माझ्या खोलीत येऊन घालवायची, कॉफी प्यायची आणि गप्पा मारायच्या. आणि स्वतःची गोष्ट सांगतात. याच शाळेत शिकताना आई आजारी होती म्हणून ते पळून इस्पितळात जात, आणि ज्याला हे मनातले सांगता येईल असे एकही मोठे माणूस इथे नव्हते. त्यांच्या जागी कोठडीत बसला तो त्यांचा दोस्त. तेव्हाच त्यांनी ठरवले की मोठेपणी इथेच शिक्षक व्हायचे.

पुढे नाताळला मार्टिन शाळेतच राहतो, कारण आईने पत्रात लिहिले आहे की तिकिटाला पैसे जमले नाहीत. तो कोणाला सांगत नाही. ब्योख सर त्याला बाकावर रडताना पाहतात, थोडे विचारतात, आणि हातात वीस मार्क ठेवतात. परत करायचे नाहीत हेही बजावतात. हा प्रसंग आम्ही नीट पाहू शकलो नाही, डोळ्यांत कचरा गेला होता असे मुलांना सांगितले.

पण आम्हांला रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच प्रसंगामुळे. वर्गातली पोरे थट्टेने बारक्या उलीला कचऱ्याच्या टोपलीत बसवून वर टांगतात. तेवढ्यात क्रॉयत्सकाम सर येतात. ते करणाऱ्यांवर तर रागावतातच, पण जी मुले नुसती बसून पाहत होती त्यांनाही दोषी धरतात, आणि तेच वाक्य वहीत लिहायला लावतात. पुढे हाच उली आपण भित्रे नाही हे दाखवायला छत्री उघडून व्यायामाच्या उंच शिडीवरून उडी मारतो आणि पाय मोडून घेतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा आणि शेजारच्या शाळेचा कबड्डीचा सामना झाला. संपल्यावर गेटाबाहेर पोरांमध्ये दगडफेक झाली. ती सुरू होणार हे आम्हांला मैदानावरच्या शिव्यांवरूनच कळले होते, तरी आम्ही बक्षिसांची यादी लिहीत बसलो. दुसऱ्या दिवशी परिपाठाला ज्यांची नावे आली त्या सात मुलांना पुढे उभे केले, पालकांना बोलावले. त्यांतला आठवीचा एक मुलगा काहीतरी सांगू पाहत होता. आम्ही म्हटले, "गप्प. एक शब्द नको." तो गप्प झाला, तो वर्गात नंतरही गप्पच राहिला. हात वर करणे बंद. आम्ही निकालपत्रात लिहिले, 'अभ्यासात लक्ष कमी.'

जूनमध्ये शाळा उघडली. तो आता दहावीत आहे. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत आम्ही त्याला मैदानाच्या कडेला गाठले, स्टाफरूममध्ये बोलावले नाही. त्या दिवशी तुझे ऐकून घेतले नाही, चूक आमची होती, असे सांगितले.

तो घाबरलाच. "राहू द्या ना सर, जुनं झालं," म्हणाला आणि जायला निघाला. मग चार पावलांवर थांबला.

"सर, मी दगड मारला नव्हता. ज्यानं उचलला होता त्याचा हात धरला होता मी. म्हणून माझं नाव आलं."

"कोणी सांगितलं नाही मग?"

"सांगणार होतो की."

घंटा झाली. आम्ही पुढच्या तासाच्या सरांना हात करून थांबायला सांगितले, आणि त्याला म्हटले की बस, सुरुवातीपासून सांग.