विश्लेषण : अंगणात शोभेचे गवत लावावे की झाड? वऱ्हाडच्या उन्हात कोण टिकते?

मृगाचा पाऊस जवळ आला की अमरावती आणि अकोल्यातील रोपवाटिकांमध्ये गर्दी वाढते. नव्या लेआऊटमधील घरांसमोर जागा थोडी असते. त्यातली बरीच गट्टू बसवण्यात जाते. उरलेल्या पट्ट्यात लॉन, फाउंटन ग्रास लावायचे की कडुनिंबासारखे झाड, हा प्रश्न आवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो पाण्याचा आणि सावलीचा आहे. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू करावे लागले. अशा गावात अंगणात काय लावले, याचा फरक घरात बसलेल्यांनाही जाणवतो.

गवत आणि झाड यांच्या वाढीत फरक काय?

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. म्हणून वरून कापले, जनावराने खाल्ले, तरी ते पुन्हा फुटते. झाड फांद्यांच्या टोकांना वाढते आणि खोडाची जाडी सालीच्या आतल्या पातळ जिवंत थरामुळे वाढते. खोडाला बांधलेली तार काढायची राहिली किंवा सभोवताली साल सोलली गेली, तर हाच थर तुटतो आणि मोठे झाडही वाळते. गवताला असा थर नसतो, त्यामुळे त्याचे खोड वर्षानुवर्षे जाड होत नाही.

मुळांचेही तसेच. लॉनची तंतूमुळे बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात. उन्हाळ्यात हाच थर सर्वांत आधी वाळतो. कडुनिंबाचे सोटमूळ खाली ओल शोधत जाते.

‘सिल्व्हर ओक’ म्हणजे खरा ओक का?

नाही. रोपवाटिकेत या नावाने मिळणारे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे असून त्याचा ओकच्या कुळाशी संबंध नाही. दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी ते लावतात. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, वादळी वाऱ्यात मोडतात. खरा ओक थंड हवेचा. उत्तराखंडमध्ये ‘बांज’ नावाने ओळखला जाणारा ओक हिमालयाच्या उतारांवर वाढतो. वऱ्हाडच्या सपाटीवर तो लावण्यात अर्थ नाही. ओककडून जी अपेक्षा असते, म्हणजे रुंद सावली आणि दीर्घ आयुष्य, ती येथे कडुनिंब पूर्ण करतो.

पाणी किती लागते?

साधा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फुटांचे लॉन सुमारे ९.३ चौरस मीटरचे होते. उन्हाळ्यात त्याला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी रोज ४६ लिटर, म्हणजे आठवड्याला सव्वातीनशे लिटर पाणी लागते. कडक उन्हात गरज याहून जास्त असते. कडुनिंबाच्या रोपाला आठवड्यातून दोनदा १५ लिटर दिले, तर आठवड्याचे ३० लिटर होतात. तेही पहिले दोन-तीन उन्हाळे. नंतर झाड बहुतेक आपल्या बळावर उभे राहते. लॉनला मात्र दर उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते.

काळ्या मातीत काय काळजी घ्यावी?

वऱ्हाडची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. भेगांमुळे कोवळी मुळे तुटतात. त्यावर उपाय आच्छादनाचा. आळ्यात सोयाबीनचे कुटार किंवा पाचोळा टाकला की ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. आच्छादन खोडाला चिकटवू नका, तेथे वाळवी लागते.

झाडासाठी मे महिन्यातच दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून तापू द्या. पाऊस नीट सुरू झाल्यावर माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून भरा. रोपाभोवती माती थोडी उंच ठेवा. काळ्या मातीतला खड्डा वाटीसारखा पाणी धरतो आणि कडुनिंबाला मुळाशी साचलेले पाणी सहन होत नाही.

घराच्या भिंतीपासून किमान १५ फुटांचे अंतर ठेवा. मोठे झाड ओल ओढून घेते, माती आकसते आणि पाया हलू शकतो. एवढी जागा नसेल, तर सीताफळ किंवा कढीपत्त्यासारखे लहान झाड निवडा. खोडाभोवती मीटरभर जागा गट्टूविना मोकळी सोडा.

खारपाणपट्ट्यात काय चालेल?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोटसह अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील अनेक गावांत बोअरचे पाणी खारट आहे. अशा पाण्यावर लॉन पिवळे पडते आणि मातीत क्षार साचत जातात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी आणि कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी यांतही क्षार वाढलेले असतात. ते रोज एकाच आळ्यात ओतू नका. शक्य असेल तर पावसाळ्यात छताचे पाणी आळ्याकडे वळवा, साचलेले क्षार धुऊन निघायला मदत होते. कडुनिंब काही प्रमाणात खारटपणा सहन करतो, वाळा त्याहून बराच.

मग गवत लावूच नये का?

लावावे, पण निवडून. वाळा हेही गवतच. कूलरच्या ताट्यांमुळे तो वऱ्हाडात घरोघरी माहीत आहे. त्याची मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे बांधावरची, नालीकाठची माती ती धरून ठेवतात. पावसाच्या सुरुवातीला ठोंब फोडून लावले की पुरते. सुवासिक मुळे हवी असतील, तर साधारण दीड वर्षाने ठोंब खणावा लागतो.

फाउंटन ग्रास मूळचे आफ्रिकेतील. त्याचे तुरे देखणे असतात, पण बी वाऱ्याने पसरते. हवाई आणि ॲरिझोनामध्ये ते उपद्रवी ठरले आहे. शेताजवळ किंवा मेळघाटाच्या वाटेवरील गावांत ते टाळलेले बरे. आधीच लावले असेल, तर बी पडण्याआधी तुरे कापा. हिवाळा सरताना जमिनीपासून वीतभर ठेवून ठोंब छाटा. उन्हाळ्यात वाळलेले गवत लवकर पेट घेते, म्हणून कंपाउंडलगत तसेच ठेवू नका.

कायदा काय सांगतो?

गवत कापायला कोणाला विचारावे लागत नाही. शहरी हद्दीतील झाड तोडण्यासाठी मात्र महाराष्ट्रातील १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पूर्वपरवानगी लागते, झाड स्वतःच्या प्लॉटवर असले तरी. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वेगळे संरक्षण दिले. त्यामुळे वायरींखाली आणि भिंतीलगत झाड न लावता जागा आधीच ठरवा.

थोडक्यात निवड कशी करावी?

भाड्याचे घर असेल, तर कुंडीतले गवत सोयीचे. स्वतःचा प्लॉट असेल, तर पश्चिमेच्या बाजूला आधी झाडाची जागा राखा, कारण दुपारचे ऊन तिकडूनच भिंत तापवते. सावली फक्त ऊन अडवत नाही. पाने बाष्प सोडतात, त्यामुळे आसपासची हवाही थोडी थंड राहते. उरलेल्या पट्ट्यात वाळा लावा. लॉन हवेच असेल, तर घरातल्या चार माणसांना उन्हाळ्यात नळाचे पाणी किती दिवसांआड मिळते, ते आधी मोजा.